धान निसवलं की तारा निघतात

धान निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या, की आमच्या गावातली माणसं चिडकी होतात. बाकीच्या महाराष्ट्रात या दिवसांत फराळ आणि आकाशकंदील असतात हे मला चांगलं माहीत आहे, कारण पुण्याच्या दुकानांसाठी त्यांच्या जाहिराती मीच बनवते. स्क्रीनवर मी कंदिलाला सोनेरी कड लावत असते, आणि खिडकीबाहेर बांध्यांमध्ये लोंब्या भरत असतात. धानाच्या दाण्यात दूध भरलं की सगळ्या शिवारात एक गोडूस, कच्चा वास पसरतो. शहरातल्या पाहुण्यांना तो फार आवडतो. आम्हाला नाही आवडत, कारण तो आम्हाला कळायच्या आधी जंगलातल्या डुकरांना कळलेला असतो.

सिंदेवाहीहून नागभीडकडे जाताना गाडीच्या खिडकीतून जे हिरवे चौकोन दिसतात, त्या बांध्या. चारी बाजूंनी मातीचा धुरा, मध्ये पाणी, पाण्यात धान. रानडुकरांचा कळप एका बांधीत शिरला की खातो थोडं आणि लोळतो जास्त. सकाळी पाहिलं तर चार महिने वाकून उभं केलेलं धान चिखलात गाडलेलं असतं. माझी आत्या एकदा असा कळप हाकलायला टिनाचा डबा वाजवत गेली. डुक्कर पळालं नाही, अंगावर आलं. तिची मांडी गुडघ्यापासून वर फाटून उघडी पडली होती. बाबांनी आपल्या धोतराने ती बांधली आणि बैलगाडीत बसून रस्ताभर दोन्ही हातांनी दाबून धरली. आत्या वाचली, पण अजून खुर्चीवरच जेवते. तेव्हापासून आमच्या घरात डुक्कर हा शब्द शिवीसारखाच उच्चारला जातो.

म्हणून तारा निघतात. माळ्यावर गुंडाळून ठेवलेल्या उघड्या तारा धान निसवलं की खाली येतात, खुंट्यांवर ताणल्या जातात आणि दिवस मावळला की त्यांत करंट सोडला जातो. हे कायद्याला मंजूर नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरीही धुऱ्याधुऱ्यावर तार असते. सकाळी कधी डुक्कर ताठ होऊन पडलेलं असतं, कधी कुत्रं, एकदा तर गाभण म्हैस होती. डुकराचे वाटे होतात. मीही खाल्लं आहे, आवडीने खाल्लं आहे, उगाच सोवळेपणा सांगत नाही. भाजलेल्या केसांचा वास आणि चुलीवरच्या मसाल्याचा वास एकाच अंगणात असतो, आणि लहानपणापासून मला ते दोन्ही वास सणाचे वाटत आले आहेत.

माणसांनी त्या तारेत अडकू नये म्हणून एक रीत होती. ज्याने करंट सोडला, त्याने धुऱ्याच्या तोंडाशी बांबूला लाल चिंधी बांधायची. सकाळी बंद केला की चिंधी काढायची. आजोबांच्या काळात तिथे करंट नव्हता, खड्डे होते, पण चिंधी हीच होती. कुणी कागदावर लिहिलेली नव्हती, तरी ती रीत मोडणाऱ्याला गाव पाणी पाजत नसे.

मी वेबसाइट बनवते. नागपुरात शिकले, तिथे दोन वर्षं एका ऑफिसात बसले, मग लॅपटॉप घेऊन घरी आले. गावात मला कुणी डिझायनर म्हणत नाही, 'कम्प्युटरवाली पोट्टी' म्हणतात. नेट आलं तर काम, नाही आलं तर छतावर चढून फोन उंच धरायचा. माझी गिऱ्हाईकं दूरची, त्यांना मी गच्चीवर एका पायावर उभी आहे हे दिसत नाही. त्यांना दिसते माझी ऑनलाइन पाटी. तिथे मी आठवड्यातून एकदा काहीतरी शहाणपणाचं लिहायची. रंगांबद्दल, मोकळ्या जागेबद्दल, नको ते काढून टाकण्याबद्दल. लोक हृदयं पाठवायचे. मला स्वतःचं लिहिलेलं वाचून बरं वाटायचं, आणि हे कबूल करायला आता लाज वाटते.

मनोहरभाऊ आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचे. गावच्या तलावात जाळं टाकायचे. संध्याकाळी जाळं सोडायचं, पहाटे काढायचं, उजाडता उजाडता मासोळी घेऊन घरी, तिथून रंजनाबाई टोपलं डोक्यावर घेऊन बाजाराला. रंजनाबाई त्यांची बायको. तलावावर जाताना ते रस्त्याने जायचे, पण येताना ओझं असायचं, अंग ओलं असायचं, म्हणून जवळचा मार्ग धरायचे, म्हणजे धुऱ्यावरून. तारांचा धोका गावात सगळ्यात जास्त कुणाला असेल तर त्यांनाच. ती म्हैस मेली त्या सकाळी धुकं इतकं होतं की बांबूची चिंधी कुणालाच दिसली नव्हती. त्याच दिवशी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"पोर्णिमा, तू दुनियेचे दुकानं बनवते. आपल्या गावाची चिंधी नाई का बनवता येत तुले?"

"चिंधी कायची, भाऊ?"

"लाल-हिरवी. मोबाईलमंधी. ज्यानं तार चालू केली त्यानं घरूनच लाल करावं. मी तलावावर उभा राहून पाहीन. धुकं गेलं खड्ड्यात."

बाबा हसले. मी नाही हसले. मला ती कल्पना फार सुंदर वाटली, खरंच सुंदर. इतकी वर्षं अनोळखी लोकांचे केकचे आणि सोफ्याचे फोटो नीट लावून दिल्यावर कुणीतरी मला जगण्यामरण्याचं काम देत होतं.

आठ दिवस मी दुसरं काही केलं नाही. बाबांना समोर बसवून शिवाराचं चित्र काढलं. प्रत्येक बांधीला नाव होतं. बोरीवाली, बोडीखालची, म्हातारीची, दगडाळ, दोन भावांची. ती नावं सांगताना बाबांचा आवाज मऊ व्हायचा, तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. प्रत्येक बांधीचा एक चौकोन केला. मालकाने बोट टेकवलं की चौकोन लाल, पुन्हा टेकवलं की हिरवा. करंट हा शब्द पानावर कुठेच ठेवला नाही, कुणा बाहेरच्याने पाहिलं तर शेतीची काहीतरी नोंद वाटावी. हिरवा रंग निवडायलाच एक अख्खी दुपार घेतली. निसवलेल्या धानाचा, जरा पिवळसर झाक असलेला हिरवा घेतला.

तलावाजवळ नेट लागत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून मी एक सोय केली. नेट नसलं तरी पान उघडावं, शेवटी जे चित्र पाहिलं असेल ते फोनने स्वतःजवळ जपून ठेवावं आणि तेच दाखवावं. पान कधीच पांढरं, कोरं दिसू नये. याचा मला केवढा अभिमान होता. सुरुवातीला चौकोनांच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, हे चित्र किती वाजताचं आहे ते सांगणारी. म्हातारे विचारायचे, हे काय लिहिलं आहे. लहान स्क्रीनवर ती ओळ दोनदा मोडायची आणि चित्राचा सगळा तोल जायचा. मी ती काढून टाकली. त्याच रात्री ऑनलाइन पाटीवर लिहिलं की खेड्यातल्या शेतकऱ्यांसाठी एक पान करते आहे, आणि त्यातून एक ओळ काढल्यावर ते कसं श्वास घेऊ लागलं. माझ्या लिखाणाला आजवर सगळ्यात जास्त हृदयं त्याला मिळाली आहेत.

मनोहरभाऊंनी त्या पानाचा प्रचार असा केला की मी पैसे देऊनही कुणाकडून करवून घेऊ शकले नसते. संध्याकाळी पारावर बसून एकेका म्हाताऱ्याचा फोन हातात घ्यायचे. "हे पाय, इथी बोट ठेव. लाल झालं? आता त्या बांधीत तुहा बापही जाणार नाई." सुधाकरभाऊ, ज्यांची बोडीखालची बांधी तलावाला लागून आहे, त्यांना काही केल्या जमेना. मनोहरभाऊंनी त्यांचं बोट स्वतःच्या हातात धरून तीनदा लाल, तीनदा हिरवं करवून घेतलं. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले. मग बांबूवरच्या चिंध्या हळूहळू गेल्या. कुणी काढा म्हणून सांगितलं नव्हतं. फाटल्या, उडाल्या, आणि नवी बांधायची गरज कुणाला वाटली नाही.

ती सकाळ मला क्रमाने आठवत नाही. आधी आरोळी आठवते, मग बाबांच्या मागे धावतानाचे माझे अनवाणी पाय, धुऱ्यावरचं थंड दव. मग मासोळ्या. बोडीखालच्या बांधीच्या धुऱ्यावर मासोळ्या सांडलेल्या होत्या आणि त्यांतल्या दोन अजून तोंड उघडत मिटत होत्या. मनोहरभाऊ बाजूला धानात पडले होते. जाळं खांद्यालाच होतं, तार पोटरीत रुतली होती आणि तिथली कातडी काळी पडून फाटली होती. डोळे उघडे होते. डुक्कर भाजल्यावर येतो तोच वास येत होता. मला तो सणाचा वास वाटायचा हे मी मघाशी लिहिलं आहे. मी तिथेच ओकले.

सुधाकरभाऊ तार ओढून काढत होते आणि रडत होते. करंट त्यांनी रोजच्यासारखा उजाडता उजाडता बंद केला होता, पण मनोहरभाऊ त्याच्या दोन मिनिटं आधी तिथे पोचले होते. दोन मिनिटं. ते पुन्हा पुन्हा तेच बोलत होते. "मी लाल केलं होतं. पोर्णिमा, तू पाय, मी काल दिवस बुडताच लाल केलं होतं." मी फोन काढून छातीशी धरला होता, पण तिथे नेट कुठे होतं.

तोवर सात-आठ पुरुष जमले. मग जे झालं त्याला कुणी एकाने आवाज दिला नाही, म्हणजे पुढे कुणा एकावर बोट ठेवता येत नाही. कुणीतरी म्हणालं, पोलीस येईल तं अख्खं गाव आत जाईल, कोणाच्या बांधीत तार नाई? कुणीतरी म्हणालं, जंगलाचा काठ इथून किती? कुणीतरी तारेचं एक भेंडोळं आणि पक्कड घेऊन आलं. त्यांनी मनोहरभाऊंना उचललं. आधी उचललं, मग जड झाले म्हणून ओढलं. डोकं धुऱ्याच्या दगडांवर आपटत गेलं, तो आवाज मला अजून येतो, दार लावलं की येतो. पाय माझ्या बाबांनी धरले होते. जंगलाच्या काठाला त्यांना पालथं टाकलं, पक्कड उजव्या हातात कोंबली. बोटं ताठ झाली होती, मिटेनात, म्हणून एकाने गुडघा ठेवून ती मिटवली. मी ओरडले असेन, कारण बाबा माझ्याकडे आले आणि त्यांनी माझं तोंड दाबलं. त्यांच्या हाताला चिखल होता.

"घरी जा," ते म्हणाले. "अन् ते पान काढून टाक. आत्ताच."

मी घरी गेले आणि पान काढून टाकलं. एवढं शिवार, एवढी नावं, म्हातारीची, दगडाळ, दोन भावांची, काढायला एक कपभर चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. काढण्याआधी मी नोंदी पाहिल्या. सुधाकरभाऊंनी संध्याकाळी चौकोन लाल केला होता, ते खरं बोलत होते. मनोहरभाऊंच्या फोनने पान शेवटचं मागवलं होतं ते त्याच्याही आधी, दुपारी. म्हणजे पहाटे त्यांनी पाहिलंच नाही, असं मी धरलं. विसरले. मी लॅपटॉप मिटला आणि मला हायसं वाटलं. कुणी मेलं आहे आणि आपल्याला हायसं वाटतं आहे, हे काय असतं ते मला त्या सकाळी कळलं.

कागदावर असं आलं की मनोहर नावाचा इसम शिकारीसाठी तार लावताना स्वतःच्याच तारेने मेला. गावात पहिले काही दिवस लोक हे बोलताना खाली पाहायचे. मग वर पाहून बोलायला लागले. तलावात मासोळी कमी झाली होती ना, म्हणून डुकराच्या मागे लागला. त्याले लय वेळा सांगतलं होतं. खोटं कसं पिकतं हे मी रोवणीपासून चुरण्यापर्यंत, म्हणजे मळणीपर्यंत, पाहिलं आहे. रंजनाबाईला नळावर बाया जागा द्यायच्या, पण जरा जास्तच जागा द्यायच्या. तिच्या मुलीला शाळेत कुणी तरी शिकाऱ्याची पोट्टी म्हणालं, तर तिने त्या मुलीचं डोकं भिंतीवर आपटलं आणि रक्त काढलं. मला तिचं फार बरोबर वाटलं.

महिन्याभराने रंजनाबाई आमच्याकडे आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन होता. पाण्यात उतरताना मनोहरभाऊ तो डोक्याच्या दुपट्ट्यात बांधायचे.

"यातले त्याहीचे फोटो काढून दे ना, पोर्णिमा. एक मोठा करून दे, भिताडावर लावाले."

"देतो, बाई. कुठी भेटला हा?"

"दुपट्ट्यात. दुपट्टा सुधाकरच्या धुऱ्यावर पडून होता." ती माझ्याकडे बघत होती. "मानूस जंगलाच्या काठाले अन् दुपट्टा धुऱ्यावर. हवेनं गेला असंन, म्हनते सारे."

मी फोन चार्जिंगला लावला. तो सुरू झाला. उघडलेल्या गोष्टींची यादी मी पाहिली. सगळ्यात शेवटी उघडलेली गोष्ट वर असते, तिच्याखाली तिच्या आधीची. खाली कॅमेरा होता. मनोहरभाऊ रोज जाळं काढलं की मासोळ्यांचा फोटो घ्यायचे, घरी येऊन ग्रुपवर टाकायचे. त्या पहाटेचा फोटो होता, फिकट उजेडात चमकणाऱ्या मासोळ्या, बाजूला त्यांचा ओला अंगठा. आणि त्या फोटोच्या वर, त्यानंतर उघडलेलं, माझं पान होतं. मी जगातून पुसून टाकलेलं पान. नेट नसलं तरी उघडणारं, जपून ठेवलेलं. बोडीखालची बांधी हिरवी होती. आदल्या दुपारची हिरवी. कधीची, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

ते विसरले नव्हते. ओल्या अंगाने, ओझं खांद्यावर घेऊन, ते तलावाच्या काठावर थांबले होते, त्यांनी हात पुसले असतील, फोन काढला, पान पाहिलं, आणि मग पाय टाकला. गावातला सगळ्यात सावध माणूस होता तो. माझ्या हिरव्या रंगावर विश्वास ठेवून गेला.

रंजनाबाई समोर बसली होती. तिला स्क्रीन दिसत नव्हती. मनोहरभाऊ शिकारी नव्हते, ते आपल्या रोजच्या वाटेने घरी येत होते, याचा जगात तेवढाच एक पुरावा उरला होता, आणि तो माझ्या तळहातावर होता. मला हेही माहीत होतं की या फोनला नेट मिळालं की पान स्वतःला ताजं करायला जाईल, त्याला काही सापडणार नाही, आणि ते जाईल. फोटो काढायला नेट लागत नाही. साधी वायर पुरते. वायर टेबलावरच होती.

मी नेट सुरू केलं.

एक पांढरं वर्तुळ फिरलं आणि पान गेलं. रंजनाबाई म्हणाली, "काई होतं का त्यात?" मी म्हणाले, "काई नाई, बाई. जुनंच काईतरी." मग मी फोटो काढले, एक चांगला निवडला, त्यांच्या कपाळावरची सावली हलकी केली, मागचं अंगण पुसट केलं. चौकटीतला फोटो नेताना तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुह्ये उपकार हायेत," म्हणाली.

यावर मी दोन वर्षं जेवले आहे, झोपले आहे, काम केलं आहे. लोकांना वाटतं अशा गोष्टीनंतर माणूस खंगतो. मी चांगली जाड झाले. फक्त हिरवा रंग वापरणं सोडलं. एका सॅलडच्या दुकानवाल्याने हिरवंच हवं म्हणून हट्ट धरला, तर त्याचं काम सोडून दिलं आणि फोनवर त्याला असं काही बोलले की त्याने माझ्याबद्दल सगळीकडे वाईट लिहिलं. बरं केलं. बाबांशी मी कामापुरतं बोलते. ते जेवताना त्यांच्या हातांकडे माझं लक्ष जातं, आणि ते त्यांना कळतं, आणि ते ताट घेऊन बाहेर जातात. एका ओळीबद्दलचं माझं ते लिखाण अजून कुणीतरी वाचतं. मधूनच फोन वाजतो, एक हृदय येतं. ते लिखाणही मी काढलेलं नाही. पुसून टाकायची माझी हिंमत एकदाच झाली, आणि नको तिथे झाली.

यंदा धान चांगलं आहे. लोंब्या आत्ताच वाकायला लागल्या आहेत. परवा दुपारी सुधाकरभाऊ आले, ओट्यावर बसले, बाबाही येऊन बसले. इकडचं तिकडचं झालं. मग सुधाकरभाऊ म्हणाले, "पोर्णिमा, ते पान यंदा चालू कर ना. लय डुकरं हायेत. चिंधीवर कोन भरोसा ठेवते आता?"

"पान नको," मी म्हणाले.

"काऊन? चांगलं होतं. त्यानं कधी धोका नाई झाला कोणाले."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं चेष्टा करताहेत. "मनोहरभाऊले?"

"मनोहर तं आपल्या करनीनं गेला," सुधाकरभाऊ म्हणाले. शांतपणे म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत मी खोटं शोधलं आणि ते तिथे नव्हतं. दोन मिनिटं, दोन मिनिटं म्हणून रडणारा तो माणूस हे सगळं धुऊन बसला होता. मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "होय ना. त्याले कोनं सांगतलं होतं जंगलाकडं जायाले?"

माझ्या हातात चहाचा गंज होता, भरलेलं पातेलं. तो मी भिंतीवर मारला. चहा सुधाकरभाऊंच्या अंगावर उडाला, ते उठून उभे राहिले, बाबा काहीतरी ओरडले. मी चपलाही न घालता बाहेर पडले. रागाने माझे कान वाजत होते, आणि अर्ध्या गल्लीत कळलं की राग त्यांच्यावर नाही. त्यांनी मृताचा देह ओढला होता. नाव तर मीच पुसलं होतं.

रंजनाबाई अंगणात जाळं सांधत बसली होती. आता जाळं तीच टाकते. मी उभ्यानेच सांगितलं, एका दमात, फोन, फोटो, त्यावरचं पान, नेट. मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू झालं नसतं. ती सुई चालवत राहिली. माझं संपल्यावर दोन टाके तिने आणखी घातले.

"लाल होतं का हिरवं?"

"हिरवं."

"म्हंजे त्यानं पाह्यलं होतं."

"होय, बाई. फोटो काढला, अन् मंग पान पाह्यलं."

"अन् तुले हे कधीपासून माहीत हाय?"

"तुमी फोन आनला त्या दिवसापासून."

ती उठली आणि तिने मला मारलं. थप्पड नव्हती, जाळं ओढणारा हात होता, मी तुळशीच्या कट्ट्यावर जाऊन आदळले आणि ओठ दाताखाली फाटला. दुसऱ्यांदाही मारलं. मी हात वर केले नाहीत. तिसऱ्या वेळी तिने उगारलेला हात खाली आणला आणि माझं मनगट धरलं, हाडात बोटं रुततील असं, आणि मला ओढत अंगणाबाहेर काढलं. गल्लीतून ओढत नेलं. बाया दारात आल्या. पारावर पुरुष बसलेले होते, सुधाकरभाऊ ओल्या सदऱ्याने तिथेच आले होते, बाबा त्यांच्या बाजूला. मला पाहून बाबा उठायला लागले.

"बसा," रंजनाबाई त्यांना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बोल. अंगणात बोलली तेच बोल."

ओठातून रक्त हनुवटीवर येत होतं. पहिल्यांदा जे निघालं ते पारापर्यंतही पोचलं नसेल. तिने मनगट पिळलं. मी तोंडातलं रक्त थुंकले आणि ओरडले. मनोहरभाऊ पान पाहून आले होते. पान हिरवं होतं. माझं पान खोटं होतं. ते बोडीखालच्या धुऱ्यावर मेले, जंगलात नाही. त्यांना ओढत कुणी नेलं ते इथे बसलं आहे, आणि पुरावा मी मिटवला.

बाबांनी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. शाळा सुटली होती, गल्लीच्या तोंडाशी दप्तर पाठीवर घेतलेल्या मुलींचा घोळका थबकला होता, आणि त्यांच्यात रंजनाबाईची मुलगी होती.

रंजनाबाईने तिला हात करून पुढे बोलावलं. मग माझं मनगट न सोडता ती मला म्हणाली, "आता पुन्हा बोल. हिले आयकू नाई गेलं."